उंबऱ्याबाहेरचे इंग्रजी

शिरपूरच्या एका हायस्कुलात तोताराम बोरसे नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. हायस्कुलाचे नाव सांगायला माझी काही हरकत नाही, पण तशी परवानगी घेतलेली नाही, आणि परवानगीशिवाय काही करायचे नसते हाच या गोष्टीचा विषय असल्यामुळे पहिल्याच परिच्छेदात नियमभंग नको.

अडुसष्ट सालच्या दिवाळीच्या सुटीत धुळ्याला इंग्रजीच्या शिक्षकांचा एक प्रशिक्षण वर्ग भरला. पुण्याहून तज्ज्ञ आले होते. ते म्हणाले, "भाषा फळ्यावर नसते, प्रसंगात असते. वाक्य शिकवू नका, प्रसंग निर्माण करा." मग त्यांनी 'मे' हे क्रियापद घेतले. 'मे'चे उपयोग तीन. परवानगी मागायला, शक्यता सांगायला आणि आशीर्वाद द्यायला. पहिला उपयोग रंगात आला तोच चहा आला, आणि चहानंतर लगेच समारोप झाला. त्यामुळे बोरसे सर शिरपूरला परतले ते परवानगी तेवढी घेऊन. शक्यता आणि आशीर्वाद धुळ्यालाच राहिले.

शाळा उघडल्यावर सरांनी पाचवीच्या वर्गात प्रसंग निर्माण केला. म्हणजे अख्खा वर्ग व्हरांड्यात काढला, स्वतः खुर्चीवर बसले आणि एकेकाला दाराशी बोलावले. "मे आय कम इन, सर?" असे पोराने विचारायचे, "येस, यू मे" असे सरांनी म्हणायचे. शेवटचे पोर आत येईपर्यंत तास संपायचा. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा बाहेर. नाताळ येईपर्यंत पाचवीला इंग्रजीतले दुसरे काहीही येत नव्हते, पण हे असे काही येत होते की वर्गाची छाती अभिमानाने फुगावी.

घरी सरांनी हा प्रयोग बायकोला समजावून सांगितला. सुनंदाबाई भाकरी थापत ऐकत होत्या.

"आणि आतला माणूस नाही म्हणाला तर?"

"तर 'नो, यू मे नॉट' असं म्हणायचं."

"ते त्याने म्हणायचं. बाहेरच्याने मग काय म्हणायचं?"

"व्हाय नॉट, म्हणजे का नाही, असं विचारता येतं. पण तो धडा सहावीत आहे."

"अगं बाई! म्हणजे वर्षभर बिचाऱ्याने बाहेरच उभं राहायचं?"

सरांनी यावर वर्तमानपत्र उघडले. सुनंदाबाईंनाही तो विषय वाढवायचा नव्हता, कारण त्यांचे सगळे लक्ष आखाजीकडे, म्हणजे अक्षय्य तृतीयेकडे, लागले होते. एकुलती एक लेक इंदू गेल्या वैशाखात धुळ्याला दिलेली. लग्नानंतरची ही तिची पहिली आखाजी. आमच्या खान्देशात दिवाळीला लेक आली नाही तर आई समजून घेते, पण आखाजीला आली नाही तर त्या घरचा झोका रिकामा लोंबतो आणि सगळी गल्ली तो बघते. सुनंदाबाईंनी अंगणातल्या कडुनिंबासाठी झोक्याचा दोर दिवाळीतच आणून ठेवला होता. रोज एकदा त्या तो हातात घेऊन बघायच्या.

इकडे शाळेत मुख्याध्यापक गरुड सर पाचवीचा पाठ बघायला आले. गरुड सर म्हणजे देवमाणूस. उभ्या आयुष्यात त्यांना कोणाला 'नाही' म्हणता आले नव्हते. कोणीही यावे, रजा मागावी, वर्गाच्या चाव्या मागाव्या, लग्नाला शाळेची सतरंजी मागावी, सर कळवळून देऊन टाकायचे आणि मग रात्रभर तळमळायचे. त्यांच्या देखत बोरसे सरांनी नकाराचा नमुना म्हणून एकाला "नो, यू मे नॉट" म्हटले. पोर वळले आणि निमूटपणे व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

"त्याला वाईट नाही वाटलं?" गरुड सरांनी दबक्या आवाजात विचारले.

"नाही सर. इंग्रजीत वाईट वाटत नाही."

"आणि उलट काही बोलला नाही?"

"कसा बोलेल? पुढचं वाक्य सहावीत आहे."

गरुड सरांच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते शाळेने पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्याच संध्याकाळी परिपत्रक निघाले. यापुढे शाळेच्या कोणत्याही खोलीत कोणीही विहित वाक्याने परवानगी मागितल्याशिवाय प्रवेश करणार नाही, आणि परवानगी देणे अथवा न देणे हा आत बसलेल्या व्यक्तीचा अधिकार राहील. 'अथवा न देणे' याच्याखाली सरांनी स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली होती.

मग गरुड सर केबिनमध्ये बसून नाही म्हणू लागले. सुरुवातीला चाचरत, मग चवीने. रजेचे अर्ज घेऊन आलेले शिक्षक दारातून परतले. सतरंजी मागायला आलेले वधूपिते परतले. शिपाई निंबा तास संपल्याची घंटा द्यायची का हे विचारायला रोज केबिनमध्ये जायचा, तोही परतला. घंटा झाली नाही म्हणून भूगोलाचा तास सुटेना, आणि सातवीच्या वर्गाला भूगोलाच्या मास्तरांनी सकाळपासून दुपारपर्यंत आफ्रिका खंड दोनदा फिरवून आणले. कोणी तक्रार केली नाही. तक्रार करायला केबिनमध्ये जावे लागते.

शाळा एका आवाजात चालते आहे ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. शाळेचे अध्यक्ष पारसमल शेठ स्वतः बघायला आले. दाराशी उभे राहून त्यांनी बराच वेळ निरीक्षण केले आणि बोरसे सरांना म्हणाले, "मास्तर, ही बाकी एक नंबर चीज आणली तुम्ही. गिऱ्हाइकाला लावता येणार नाही, तो समोरच्या दुकानात जाईल. पण वर्गणीवाल्यांना लावतो आजपासून." शेठजींपाठोपाठ गावातल्या निरनिराळ्या कचेऱ्यांतले साहेब आणि कारकून आले. पद्धत सगळ्यांनाच पसंत पडली. पूर्वी एखाद्याला परत पाठवायचे तर साहेब दौऱ्यावर आहेत, कागद वर गेला आहे, उद्या या, असे काही ना काही रचून सांगावे लागे. त्यात डोके खर्च होई. आता चार शब्दांत काम होत होते, आणि तेही साहेबी भाषेत.

बोरसे सरांना संध्याकाळी शिकवण्या सुरू कराव्या लागल्या. त्यांनी शास्त्रशुद्ध विभागणी करून दोन तुकड्या केल्या. आतल्यांची एक, बाहेरच्यांची एक. आतल्यांना दोन उत्तरे शिकवायची, बाहेरच्यांना एक प्रश्न. आतल्या तुकडीला खुर्च्या आणि चहा होता. बाहेरची तुकडी अंगणात उभी असायची, पार रस्त्यापर्यंत. बाहेरच्यांपैकी प्रत्येकाला आतल्या तुकडीत जायचे होते, पण त्यासाठी परवानगी मागावी लागे आणि ती द्यायची की नाही हे आतले ठरवत.

दूध घालणाऱ्या भागाबाई एकदा त्या गर्दीतून वाट काढत दाराशी आल्या. सरांनी बोट वर करून त्यांना उंबऱ्यावरच थांबवले आणि प्रश्न विचारण्याची खूण केली.

"सर, दूध शे!" भागाबाई ओरडल्या. "नासी जाई ना! आते दूधले बी इंग्रजी लागस का?"

"नियम सर्वांना सारखा आहे, भागाबाई."

दूध नासले. सुनंदाबाईंनी त्याचे पनीर वगैरे काही केले नाही, नुसते भांडे आणून सरांच्या पुढ्यात ठेवले आणि आत निघून गेल्या.

पद्धतीत एक बारीकशी उणीव होती, ती एका कचेरीत उघडकीला आली. तिथले साहेब एक दिवस उशिरा आले, आणि शिपाई आधीच आत जाऊन बसला होता. साहेब दाराशी आले. आत जायचे तर प्रश्न विचारायला हवा, पण साहेब आतल्या तुकडीत शिकलेले. प्रश्न त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. आयुष्यात तो कधी लागेल असे त्यांना वाटले नव्हते. थोडा वेळ दाराशी घुटमळून ते घरी गेले. कचेरीचे काम त्या दिवशी नेहमीप्रमाणेच पार पडले, त्यामुळे हा प्रकार कोणाच्या फारसा लक्षात आला नाही.

संक्रांतीच्या सुमारास धुळ्याहून सरांचे व्याही आले. वामननाना देसले. धुळ्यातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. माणूस साधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर साहेबाच्या दाराशी फायली घेऊन उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय चेपून घ्यायचे, एवढेच त्यांचे जग. बोरसे सरांनी त्यांना मोठ्या अभिमानाने शाळेत नेले. पाचवीचा वर्ग दाखवला, गरुड सरांची केबिन दाखवली, संध्याकाळी आतल्या तुकडीत पहिल्या रांगेत खुर्चीही दिली.

"व्याही, तुम्ही म्हणून बघा एकदा," सर म्हणाले.

"मी? कोणाला?"

"मलाच म्हणा. मी बाहेर जातो."

सर बाहेर गेले, दाराशी येऊन त्यांनी प्रश्न विचारला. वामननानांनी घसा साफ केला. "नो," ते म्हणाले, आणि थांबले. मग पुढचे तीन शब्द असे आले की जणू तीस वर्षे घशात अडकून होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "व्याही, सबंध नोकरीत मी हे ऐकतच आलोय हो," ते म्हणाले. "म्हणायची पाळी आज आली." बोरसे सरांनाही गहिवरून आले. आपण आपल्या हाताने काय करून ठेवले हे त्यांना तेव्हा कळले नाही. कळायला आखाजी यावी लागली.

होळी झाली. सुनंदाबाईंनी मागे लागून लागून सरांना धुळ्याला कार्ड टाकायला लावले की चि. इंदूस आखाजीस पाठवावे, मी स्वतः मुराळी म्हणून घ्यायला येतो. उत्तर आले. आपली विनंती मिळाली, ती विचाराधीन आहे.

"विचाराधीन म्हणजे काय हो?" सुनंदाबाईंनी विचारले. "लेक येणार की नाही येणार?"

"येईलही, कदाचित नाहीही येणार."

"हे कुठल्या व्याह्याने कुठल्या व्याह्याला लिहिलंय जगात?"

सरांना एकदम धुळ्याच्या प्रशिक्षण वर्गातला 'मे'चा दुसरा उपयोग आठवला. शक्यता. चहाने जरा दम धरला असता तर तोही नीट शिकून झाला असता.

धुळ्याकडून येणाऱ्यांकडून थोडे थोडे कळू लागले. वामननानांनी बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून खुर्ची टाकली आहे. संध्याकाळी ते तिच्यात बसतात. त्यांची बायको तानुबाई चहा घेऊन दाराशी उभी राहते, मग चहा गार होतो, मग ती तो परत गरम करते. इंदूने आखाजीचे विचारले तेव्हा नाना म्हणाले, माहेरचा माणूस आल्याशिवाय सून पाठवायची पद्धत नाही. माहेरचा माणूस येऊ दे, त्याने रीतसर विचारू दे, मग बघू.

आखाजीच्या आदल्या दिवशी बोरसे सर निघाले. सुनंदाबाईंनी सांजोऱ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. "तुमचं इंग्रजी इथंच खुंटीला टांगून जा," त्या म्हणाल्या. "माझी लेक घेऊन या. नाहीतर तो झोका सोडून त्याच दोराने तुमच्या त्या खुर्च्या बांधून तापीत टाकते की नाही बघा." अंगणात कडुनिंबाला झोका बांधून झाला होता. सरांनी त्याच्याकडे एकदा बघितले आणि डबा काखेत मारला.

एस्टीने तापीचा पूल ओलांडला, सोनगीर मागे पडले, ऊन मी म्हणत होते. टळटळीत दुपारी सर व्याह्यांच्या दाराशी पोचले. दार सताड उघडे होते. आत खुर्चीवर वामननाना बसले होते. सरांना बघताच त्यांचा चेहरा फुलला. "अरे, व्याही! या..." म्हणत ते अर्धे उठलेसुद्धा.

आणि इथे तो घोटाळा झाला. सर सरळ आत गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर दार, आत खुर्ची, खुर्चीत माणूस. सरांचे पाय जोडले गेले, मान किंचित झुकली, आणि कोणी सांगितलेले नसताना, कोणी मागितलेले नसताना, त्यांच्या तोंडून स्पष्ट उच्चारात बाहेर पडले, "मे आय कम इन, सर?"

वामननाना होते तिथे थांबले. मग हळूहळू पुन्हा खुर्चीत बसले. प्रश्न रीतसर आला होता. रीतसर प्रश्नाला नुसते 'या' म्हणून कसे चालेल? त्यांचे ओठ आपोआप हलले.

"नो, यू मे नॉट."

 नानांना घाम फुटला. आपण हे काय बोललो, असे त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होते. पण दिलेला निर्णय मागे घ्यायचे वाक्य आतल्या तुकडीत शिकवले नव्हते. बोरसे सरांच्या जिभेवर 'व्हाय नॉट' येऊन थडकले. त्यांना तर ते येत होते! ते इंग्रजीचे शिक्षक होते! पण ते मुलीचेही बाप होते, आणि लेक ज्या घरात नांदते त्या घराच्या उंबऱ्यावर 'का नाही' विचारायला मुलीच्या बापाची जीभ उचलत नाही, कुठल्याही भाषेत. त्यांनी तो शब्द गिळला. सांजोऱ्यांचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

तानुबाई तांब्याभांडे घेऊन आतल्या दाराशी आल्या आणि सवयीने तिथेच उभ्या राहिल्या. उंबऱ्यावर व्याही, मधे खुर्चीत नाना, पलीकडे पाणी. ऊन सरांच्या डोक्यावरून पाठीवर उतरले. शिरपूरच्या शेवटच्या एस्टीची वेळ होत आली.  बोलायचे ते सगळे बोलून झाले होते.

इतक्यात आतून इंदू आली. डोक्यावर पदर, काखेत बोचके. सासूच्या हातातला तांब्या तिने घेतला, खुर्चीला वळसा घातला, बापाला पाणी दिले आणि उंबऱ्याबाहेर येऊन चपला घातल्या.

"अगं, अगं, परवानगी..." वामननाना म्हणाले.

"नाना, परवानगी आत यायची असते," इंदू म्हणाली. "बाहेर जायचं वाक्य कुठं शिकवलंय कोणी? मी येते चार दिवसांनी."

वामननाना क्षणभर विचारात पडले. मग त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. "खरंच की!" ते मराठीत ओरडले. "बाहेर जायचं काही ठरलेलंच नाही! जा बाई, जा. झोका खेळ पोटभर." तानुबाईंनी दारातूनच हात वर करून सुनेला तोंडभर आशीर्वाद दिला. 'मे'चा तिसरा उपयोग तो हाच, पण त्यांना ते ठाऊक नव्हते, म्हणून अडले नाही.

एस्टीत इंदूने विचारले, "बाबा, दार उघडं होतं. नाना उठून तुम्हाला घ्यायला येत होते. तुम्ही विचारलंत कशाला?"

"सवय, बाळ," सर म्हणाले.

आखाजी झकास झाली. झोका कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला, सुनंदाबाई गल्लीभर मिरवल्या. पण ही हकिकत धुळ्याहून शिरपूरला आणि शिरपुरातून गरुड सरांच्या कानावर गेली. सरांनी ती गंभीरपणे ऐकली. जूनमध्ये शाळा उघडली ती नव्या परिपत्रकासह. बाहेर जाण्याबाबत पद्धतीत एक गंभीर त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले असून, श्री. बोरसे यांनी 'मे आय गो आउट' हा धडा तातडीने सुरू करावा.

सुनंदाबाईंनी ते ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे शिकवलंत तर पुढच्या आखाजीला माझी लेक कशी यायची?" त्या म्हणाल्या. "एवढी एकच वाट उरली होती तिला."

बोरसे सरांचे रक्त तापले. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण हा धडा शिकवणार नाही, हे आज तोंडावर सांगतो, असे म्हणून ते तरातरा शाळेत गेले, व्हरांडा ओलांडला आणि केबिनपाशी आले. दार उघडे होते. आत खुर्ची रिकामी होती आणि वर पंखा फिरत होता. सरांचे पाय उंबऱ्याशी थांबले.

"मे आय कम इन, सर?"

उत्तर आले नाही. सर वाट बघत राहिले. निंबा शिपाई तिकडून चालला होता, तो थबकला. "सर, साहेब तर नंदुरबारले लगीनले गयात."

"दिसतंय मला," सर म्हणाले आणि तसेच उभे राहिले. त्या आठवड्यात पाचवीला नवा धडा सुरू झाला.

हसू आले ना? येऊ द्या. पण परवा तुम्ही एका दाखल्यासाठी कचेरीत गेला होता. टेबलामागे खुर्ची रिकामी होती, पाठीला नुसता टॉवेल टाकलेला. दाराला ना शिपाई, ना कडी. तरी तुम्ही बाहेरच थांबलात, मान वाकवलीत आणि त्या टॉवेलाला हळूच विचारलेत, "आत येऊ का, साहेब?" मला कसे ठाऊक म्हणता? रांगेत तुमच्या मागे मीच उभा होतो.